कुलूप लावून गेलेल्या घरमालकांना, धुळ्याच्या गल्लीतून

प्रिय मालक मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

पत्र खुलं लिहावं लागतंय, कारण तुमचे पत्ते कुणाकडे नाहीत. कुणी पुण्यात, कुणी नाशकात, कुणी सुरतेला, दोघं-तिघं थेट अमेरिकेत. गल्लीतल्या एकेका घराला आता सात-आठ मालक झालेत आणि त्यातल्या निम्म्यांचं एकमेकांशी बोलणं नाही, हेही इथे सगळ्यांना ठाऊक आहे. फोन नंबर असलाच तर जुन्या भाडेकरूकडे असतो. त्याचा फोन तुम्ही उचलत नाही, कारण तो गळक्या पत्र्याबद्दलच बोलणार. म्हटलं, सगळ्यांना एकदमच लिहावं.

घरं विकू नका, असं सांगायला मी बसलेली नाही. घर तुमचं, सातबारा-उतारे तुमचे, पोरांच्या शिक्षणाचे आणि फ्लॅटच्या हप्त्यांचे आकडेही तुमचे. वारसा, संस्कृती असे मोठे शब्द काढून तुम्हाला लाजवायचंही नाही. मागणं एवढंच आहे की घर बिल्डरच्या हाती द्याल तेव्हा ओटा आणि खालचा मजला त्याच्या मर्जीवर सोडू नका. वर त्याला काय चढवायचं ते चढवू द्या. रस्त्याला लागून असलेला दहा-बारा फुटांचा पट्टा तेवढा हातात ठेवा.

मला ओळखत नसाल तर सांगते. लग्न होऊन या गल्लीत आले, शाळेत नोकरी केली, निवृत्त झाले. तुमच्यापैकी काहींचे कान मी वर्गात पिळलेले आहेत, त्यामुळे थोडं अधिकारानं बोलते, चालवून घ्या. मला सायकल येत नाही, लुना कधी शिकले नाही, पोरानं स्कूटी घेऊन दिली ती सून चालवते. तरी माझं काही अडत नाही. दूध, पीठ, शिंपी, डॉक्टर, बँक, देऊळ, सगळं पायाखाली. रिक्षाला हात करायचा तो एसटी स्टँडवर जाताना, तोही सामान असेल तर. वाडीभोकर रोडला माझी बहीण राहते. बंगला ऐसपैस, पुढे बाग, हवा छान. पण कढीपत्ता संपला की जावई घरी येईपर्यंत फोडणी थांबते. तिचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत आणि चालते मात्र मी जास्त.

हे आपोआप झालेलं नाही. आपल्या गल्ल्या कुणीतरी डोकं लावून आखल्या आहेत. गावात कुणालाही विचारा, विश्वेश्वरय्यांनी आखल्या असं छातीठोक सांगतील. विश्वेश्वरय्या या भागात आले ते १८८४ साली, तरुण इंजिनिअर म्हणून, आणि दातर्तीजवळ नाल्याखालून पाण्याचा नळ नेण्याचं अवघड काम त्यांनी करून दाखवलं. ते श्रेय त्यांचंच. पण गल्ल्या त्यांच्या जन्माआधीच्या. १८१८मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जनं १८१९मध्ये धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं. व्यापारी आणि कारागीर बाहेरून बोलावून वसवले, त्यांच्यासाठी सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. नदीकडचं जुनं धुळं वेगळं, वाकड्यातिकड्या बोळांचं. म्हणजे आज ज्यांना आपण जुन्या गल्ल्या म्हणतो ती त्या काळची नवी वसाहत होती. नावं ठेवायला कुणाला सवड नसावी. नुसते नंबर पडले. गल्ली नंबर एक, दोन, तीन, चार. बाहेरगावचा पाहुणा पहिल्यांदा हसतो आणि दुसऱ्यांदा न विचारता घरी पोहोचतो.

त्या काळात माणूस पायी चालायचा आणि माल बैलगाडीनं यायचा. जळगाव-भुसावळ मोठ्या लाइनवर आले, धुळ्याला मात्र चाळीसगावहून फाटा यायला १९०० साल उजाडलं. शहराचा गाभा तोवर पक्का झालेला होता. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला डोक्यावर ओझं घेऊन जाता येईल एवढीच त्याची लांबी-रुंदी. आग्रा रोड मधून, त्याला समांतर गल्ल्या, मध्ये मध्ये आडवे बोळ. कुठूनही निघा, दोन वळणांत पाचकंदील चौकाच्या गर्दीत. आणि सरळ रस्त्यांमुळे लांबून येणारं माणूस ओळखू येतं, हे मला अजून उपयोगी पडतं. चष्म्याचा नंबर वाढला तरी चालीवरून कळतं कोण येतंय, आणि टाळायचं असेल तर आडवा बोळ असतोच.

आता ओट्याकडे येते, कारण मुद्दा तिथेच आहे.

तुम्ही लहानपणी ओट्यावरून उड्या मारल्या, पत्ते कुटले, गणपतीत झोपलात. मोठे झालात आणि तुमच्या लेखी ओटा म्हणजे घरापुढची वाया गेलेली जागा झाली. एकदा येऊन नीट बघा. गल्लीतले ओटे एका उंचीचे नाहीत. काही गुडघ्याएवढे आहेत, त्यांवर माणसं टेकतात. काही कंबरेएवढे, त्यांवर ओझी उतरतात. भाजीवाली डोक्यावर मेथीची, वांग्याची पाटी घेऊन येते. पाटी जमिनीवर उतरवायला दुसऱ्या माणसाचा हात लागतो आणि पुन्हा डोक्यावर चढवायलाही. कंबरेच्या ओट्याशी ती एकटी उभी राहते, मान जराशी पुढे करते, पाटी सरकून ओट्यावर बसते. सौदा झाला की गुडघ्यात वाकते, खांदा ओट्याला लावते, पाटी डोक्यावर ओढून घेते आणि चालू लागते. कुणाला हाक मारावी लागत नाही. आमच्या गल्लीत तिचे थांबे ठरलेले होते आणि प्रत्येक थांब्याला असा ओटा होता. पैकी दोन आता नाहीत. त्या दोन्ही जागी ती थांबत नाही, सरळ पुढे जाते. पलीकडच्या म्हाताऱ्या भाजीसाठी इकडे येतात, नाहीतर मोबाइलवरून कुणीतरी मागवून देतं. मेथी येते, पण जुडी उलटी करून देठ बघता येत नाहीत.

माझंच सांगते. बाजारातून येताना पिशवी जड झाली की माझे टेकायचे ओटे ठरलेले आहेत. एका ओट्याची डावी कड तर टेकून टेकून गुळगुळीत झालीय. घरमालक कोण ते मला धड सांगता येणार नाही, चौथी पिढी आहे, पण त्यांच्या ओट्यावर मी रोज बसते. कुणी उठ म्हणत नाही. आतून कुणीतरी अहिराणीत म्हणतं, 'कथा जाई राहिनी वं माय, बस जरासी.' (कुठे निघालीस गं, बस जरा.) दोन मिनिटं बसायचं, गुडघा चोळायचा, निघायचं. डॉक्टर रोज चाला म्हणतात, वाटेत बसायचं कुठे ते काही सांगत नाहीत. आमच्या गल्लीला ते सांगावं लागत नाही.

ओट्याचं सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. मी सून म्हणून आले तेव्हा हेच ओटे मला नकोसे होते. डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून, वडीलधाऱ्यांच्या ओट्यांसमोरून भरभर जायचं. कोण कुठे निघाली, पिशवीत काय, माहेरचं कोण आलं, सगळा हिशेब ओट्यावर मांडला जायचा. नोकरीला लागले तेव्हा वर्षभर टोमणे खाल्ले. आजच्या सुनांनाही या नजरांचा जाच होतो आणि त्यांची बाजू मला पटते. पण त्याच नजरांमुळे रात्री दहाला क्लासहून येणारी पोरगी गल्लीत शिरली की तिची आई बिनघोर असते, हेही खरं. नजरा आता पुष्कळ सुधारल्यात. बसणारे म्हातारे बदलले, त्यांच्या लेकी शिकल्या. ओटा तोच राहिला आणि त्यावरची माणसं निवळली, असं व्हायला जागा तरी उरायला हवी.

उन्हाळ्याचं तुम्ही विसरला असाल, एसीत बसता. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. समोरासमोरची दुमजली घरं आणि मधली अरुंद वाट, एवढ्यावर गल्ली तगून असते. सकाळी एका बाजूच्या ओट्यांवर सावली, चार वाजले की समोरच्या. माणसं वेळेप्रमाणे बाजू बदलून चालतात, कुणी शिकवलेलं नाही. त्याच दिवसांत बायका एकमेकींच्या घरी जाऊन बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालतात. पहाटे ज्वारीचं पीठ शिजतं, गरम गोळा हाताला सोसवेल तेवढ्या घाईनं थापायचा, गच्चीवर धोतरं-साड्या पसरून वाळत घालायचं. एकटीचं काम नव्हेच ते. समोरची, शेजारची, मागच्या बोळातली, सगळ्या आपापलं पोळपाट घेऊन हजर. जिथे घरं एकमेकांपासून पायी दोन मिनिटांवर असतात तिथे पहाटे पाचला बोलावणं पाठवता येतं. बहिणीच्या कॉलनीत बिबडे विकत येतात. चवीला वाईट नसतात.

आता झालं काय ते सांगते. घर कुणाचं, बिल्डर कोण, ते लिहिणार नाही, गल्लीवाले ओळखतील.

तीन खणांचं, पुढे सागाचे चार खांब असलेलं घर. मालकांची तिसरी पिढी बाहेर. कुलूप पडून बरीच वर्षं झालेली, माळ्याला उधई लागलेली, मागची भिंत पावसाळ्यात पोट काढून उभी. पाडावं लागणारच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लाकडाचा व्यापारी आधी आला. खांब, तुळया, कडीपाट, दाराची चौकट, सगळ्यावर खडूनं आकडे टाकले आणि टेम्पोत भरून नेलं. जुन्या सागाला शहरातल्या हॉटेलवाल्यांकडून भाव येतो म्हणे. मालकांना त्याचे वेगळे पैसे मिळाले की बिल्डरनं दाबले, ते त्यांनाच ठाऊक. मग भिंती. सगळ्यात शेवटी ओट्याचे काळे दगड. दोन माणसांना पहारीनं एकेक दगड उचकटायला अर्धा दिवस लागला. इतका पक्का ओटा, आणि नव्या नकाशात त्याला जागाच नव्हती.

इमारत उभी राहिली चार मजली. वरचे फ्लॅट चांगले आहेत, राहणारी माणसं तर फारच चांगली, दसऱ्याला सोनं द्यायला घरोघर येतात. खाली मात्र खांबांवरचं पार्किंग. नियमच तसे. नव्या बांधकामाला गाड्यांची जागा दाखवावी लागते आणि पार्किंगचा तो मजला चटईक्षेत्रात, म्हणजे बांधकामाच्या परवानगीच्या मापात, मोजत नाहीत. बिल्डरला तो जवळपास फुकटात पडतो, मग तो कशाला सोडेल? दिवसा गाड्या कामावर गेलेल्या, आत अंधार, कुत्री झोपलेली, पुढे लोखंडी सरकतं गेट. गेट उघडताना रस्त्यावर उतार केलाय, तो पावसाचं पाणी शेजारच्या घरात सोडतो. पूर्वी तिथे ओट्यावर एक फुलवाली बसायची. तिचं ऊन-पावसाचं बस्तान गेलं. ती पलीकडे सरकली, तिथेही पुढच्या वर्षी तेच झालं, मग ती दिसेनाशी झाली. फुलवाली नाही म्हणून सकाळी देवळाच्या वाटेवरची गर्दी दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागली. गर्दी नाही म्हणून चहावाल्यानं सकाळचा धंदा बंद केला. मोकळा रस्ता दिसला की मोटारसायकली जोरात येतात. मोटारसायकली जोरात येतात म्हणून आया पोरांना बाहेर सोडत नाहीत.

एका घराचं रस्त्याकडचं तोंड बंद झालं, त्यामागे एवढं घडलं. आमच्या गल्लीत आज कुलूपबंद घरं किती आहेत हे तुम्हीच मोजा, आणि त्या प्रत्येकाखाली सरकतं गेट लावून बघा.

तुमच्या अडचणी मला माहीत नाहीत असं समजू नका. गल्लीत राहून वकिलापेक्षा जास्त मालमत्ता पत्रकं पाहिली आहेत मी. उताऱ्यावर आजोबांचं नाव, त्याखाली वडील आणि चार काका, त्यातले तीन वारलेले, वारस नोंद कुणी केलेली नाही. आत्यांचा हक्क आहे हे सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणी नाही. महाराष्ट्रानं १९९४मध्ये आणि मग देशानं २००५मध्ये कायदा बदलून लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत लेकांएवढा वाटा दिला. आपल्याकडे त्याचा मुख्य परिणाम असा झाला की राखीला येणाऱ्या बहिणीपुढे मिठाईच्या डब्याबरोबर हक्कसोडीचा कागदही येऊ लागला. बहिणी सही करतात आणि मग पाच वर्षं येत नाहीत. (माझ्या माहेरीही हेच झालं. मी सही केली नाही. भाऊ वहिनीसह अजून येतो, जेवून जातो, विषय कुणी काढत नाही.) कुलपं याच्यामुळे पडून राहतात, वास्तूच्या म्हातारपणामुळे नव्हे. घर सांभाळणाऱ्या हाताला मालकी नाही आणि मालकी असलेल्या हातांचं जमत नाही, मग उधई आणि पाऊस निकाल लावतात.

भाडेकरूंचंही तसंच. खालच्या खोलीत तीन पिढ्यांपासून शिंप्याचं दुकान, भाडं इतकं की पावती फाडायची लाज वाटावी. तुमचा राग रास्त आहे. घरपट्टी तुम्ही भरायची, पत्रे तुम्ही बदलायचे आणि त्यानं दोन-दोनशे रुपयांत चौकात दुकान चालवायचं. पण घर वर्षानुवर्षं बंद असताना दाराशी झाडलोट त्यानं केली, चोर आले तेव्हा ओरडला तो, नळाला पाणी आलं की तुमची टाकी भरून ठेवली त्यानं. काढायचा असेल तर काढा, त्याला द्यायचं ते देऊन काढा. बोलणी करताना नव्या इमारतीत खाली एक गाळा त्याला मिळेल का, हा प्रश्न तेवढा टेबलावर ठेवा. शिंपी खाली राहिला तर गल्लीला उघडं दार राहतं. त्याच्या मशीनचा खडखडाट थांबला की रस्त्यावर किती सुनं वाटतं, ते पार्किंगवाल्या इमारतीसमोर उभं राहून ऐका.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात नसेल. इथे चालत येणारी माणसं फक्त भाजी-दुधासाठी येत नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या डिसेंबरात धुळ्यातच गेले आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७मध्ये, गावकऱ्यांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं. राजवाड्यांनी दारोदार फिरून जमवलेली दप्तरं तिथे आहेत. समर्थ वाग्देवता मंदिरात नानासाहेब देवांनी गोळा केलेली रामदासी हस्तलिखितं आहेत. पुण्या-संभाजीनगरहून पोरं-पोरी पीएच.डी.साठी येतात, स्टँडवर उतरतात, विचारत विचारत चालत पोहोचतात, दुपारी आपल्या गल्ल्यांत खाणावळ शोधतात. एका मुलीला मी भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली होती. ती म्हणाली, तुमच्या गावात रस्ता विचारला की माणसं उठून चार पावलं बरोबर येतात. उठायला माणूस आधी रस्त्याला लागून बसलेला हवा.

नदीचं एक सांगून पुढे जाते. १८७२च्या सप्टेंबरात पांझरेला मोठा पूर आला आणि शहरातली शेकडो घरं वाहून गेली. त्या गावानं पुन्हा बांधलं. म्हणजे पाडणं आणि बांधणं या गावाला नवीन नाही. वाईट होतं ते पुन्हा बांधताना रस्त्याकडे पाठ करणं.

श्रावणात कानबाईला तुम्ही येता, हे तुमचं मला फार आवडतं. नागपंचमीनंतरचा रविवार आला की कुलपं निघतात, जाळी-जळमटं झटकली जातात, घरातल्या पुरुषांच्या नावे मुठी मोजून रोटांचे गहू निघतात, तेव्हा बोलणं नसलेले चुलतभाऊही एका पंगतीत बसतात, कारण रोट भाऊबंदांतच खायचे असतात. सोमवारी कानबाईला डोक्यावर घेऊन नदीकडे निघता तेव्हा तुमच्या सुना, ज्यांना पुण्यात शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, त्याही गल्लीभर नाचतात. प्रत्येक ओट्यावरून बायका उतरून कानबाईला ओवाळतात, मिरवणुकीला दोनशे पावलं जायला तास लागतो. गेल्या खेपेला पार्किंगवाल्या इमारतीसमोर मिरवणूक अशी भरकन पुढे गेली की वाजंत्री मागे राहिले. ओवाळायला उतरायचं कुठून? वरच्या फ्लॅटमधल्या बाया गॅलरीतून हात जोडत होत्या. त्यांचा काय दोष.

तर आता नेमकं काय करायचं ते. बिल्डरशी जो विकसन करारनामा होतो, तो वाचल्याशिवाय सही करू नका, हे पहिलं. बहुतेक जण फक्त फ्लॅट किती आणि रोख किती एवढंच बघतात. त्यात लिहून घ्या की रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर दुकानं किंवा राहत्या खोल्या असतील, त्यांची दारं रस्त्यावर उघडतील, आणि गाड्यांची जागा मागच्या अंगाला किंवा आडव्या बोळाच्या बाजूनं असेल. प्लॉट लहान असेल तर गाड्यांच्या संख्येत सूट मिळते का, हे तुमच्या आर्किटेक्टला विचारायला लावा. डिसेंबर २०२०पासून राज्यभराला बहुतेक ठिकाणी एकच नियमावली आहे आणि दाट वस्तीसाठी तिच्यात वेगळी कलमं आहेत, ती वाचायची तसदी लहान बिल्डर घेत नाहीत, शेजारच्या इमारतीचा नकाशा उचलतात. ओटा तुमच्याच हद्दीत घ्या, रस्त्यावर आक्रमण नको, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवणार नाही. त्यासाठी भिंत दोन फूट मागे घ्यावी लागेल. त्या दोन फुटांचे पैसे बिल्डर तुमच्याकडून कापेल. कापू द्या. सात मालकांत वाटले तर एका लग्नाच्या आहेरापेक्षा कमी येतील. आणि जुने काळे दगड टेम्पोत जाऊ देऊ नका. तेच परत लावा, फरशीवर माणूस पावसात घसरतो.

ज्यांना बांधायचंच नाही आणि विकायचंही नाही, त्यांनी निदान खालची खोली उघडा. अकरा महिन्यांच्या करारानं द्या, पोस्टात किंवा बँकेत काम करणाऱ्या पोरांना द्या, क्लासला द्या, पापड-लोणची करणाऱ्या बायकांना द्या. करार नोंदवलेला असेल तर जागा अडकायची भीती पुष्कळ कमी होते. घर वापरात राहिलं की छप्पर गळलेलं दुसऱ्या दिवशी कळतं. कुलपाआड ते भिंत पडल्यावर कळतं. भाड्याचे पैसे थोडेच येतील, घरपट्टी निघाली तरी पुष्कळ झालं.

तुम्ही म्हणाल, काकू, आम्ही एकट्यानं ओटा ठेवून काय होणार, शेजारचा गेट लावणारच. खरं आहे. म्हणूनच सगळ्यांना एक पत्र लिहिलं. गल्लीत सलग चार-पाच घरांनी ठरवलं तर सहाव्याला गेट लावायची लाज वाटेल. लाज ही आपल्या गल्लीत अजून चालते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मारुतीच्या ओट्यावर जमायचं, असं इथे राहणाऱ्या आम्ही काही जणांनी ठरवलं आहे. गावातलाच एक तरुण आर्किटेक्ट येणार आहे, फी घेणार नाही म्हणाला, नकाशे आणा म्हणाला. येताना मालमत्ता पत्रकाची झेरॉक्स, घरपट्टीची शेवटची पावती आणि ज्या चुलतभावाशी बोलत नाही त्याचा फोन नंबर, एवढं आणा. बहिणींना बरोबर आणा, सहीसाठी नको, बोलण्यासाठी. गाडी आग्रा रोडच्या पलीकडेच लावा आणि चालत या. चहा-पोह्यांचं माझ्याकडे आहे, किती जण येणार ते दोन दिवस आधी कळवा. माझा नंबर शिंप्याकडे आहे.

आपली,
गल्लीतली, बाईंची काकू झालेली
(जुने विद्यार्थी 'बाई' म्हणतात, त्यांची पोरं 'काकू')
धुळे